तळव्यांची तपासणी

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. नवऱ्याच्या कंपनीतून तांब्याची तार चोरीला गेली आणि पोलिसांनी त्याला उचललं. तीन दिवसांनी सोडलं तेव्हा तो भिंत धरून चालत होता. तळवे सुजून काळेनिळे झाले होते. 'चोरी मी केली' असं लिहिलेल्या कागदावर त्याची सही घेतलेली. तोच कागद पुढे करून कंपनी त्याला कायमचं काढणार होती. आमचं पोट त्या नोकरीवर होतं.

मारून सही घेतली, हे कंपनीच्या चौकशीत दाखवायचं होतं. पण पोलिसांच्या विरोधात एकही डॉक्टर लिहून देईना. शेवटी मी युनियनच्या वकिलाच्या मागे लागले. तो आमच्या पिंपरीच्या पत्र्याच्या खोलीत एक परदेशी डॉक्टरीण घेऊन आला. देशोदेशी पोलीस लोकांचे हाल कसे करतात, ते ती लिहून घ्यायची. सगळ्या सरकारांनी मिळून हे बंद करावं, असं तिच्या संस्थेचं म्हणणं. मला ते खुळचटपणाचं वाटलं. आमच्या हवालदाराला कोण सांगणार होतं?

ती जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि तिने नवऱ्याच्या पायाला हात लावला. त्याने पाय झटकन ओढून घेतला.

"काय न्हाई झालं. घसरून पडलो."

वकील वैतागला. "अहो, मग मला कशाला बोलावलंत?"

"मी न्हाई बोलावलं. हिनं बोलावलं."

"खोटं बोलत्यात ते," मी म्हणाले. "मिठाच्या पाण्यानं मी शेकलेत पाय. माझं लिहा."

वकिलाने तिला विचारून सांगितलं, "ज्याला मारलं त्यानंच सांगायला हवं. तसा नियम आहे त्यांचा."

"चुलीत घाला नियम! नोकरी गेल्यावर पोरांना नियम खायला घालू व्हय?"

मी नवऱ्याचा पाय धरला आणि तिच्या मांडीवर नेऊन ठेवला. "त्यांनी मारलं तवा लाज न्हाई वाटली. आता बाईमाणसाची वाटती? बोला!"

मग तो बोलला, भिंतीकडे तोंड करून. पट्ट्याने तळवे झोडून झाले की हवालदार बूट पुढे करायचा. त्या बुटावर डोकं टेकून 'उपकार झाले, साहेब' म्हणायचं, मगच पाणी. हे त्याने मला सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, परक्या बाईला लाजतोय. पण पायापाशी वाकलेलं माणूसच त्याला बघवत नव्हतं.

डॉक्टरिणीने टाचा दाबून पाहिल्या, लिहिलं, सही केली. मी विचारलं, "तुमच्याकडं पोलीस मारत न्हाईत?" वकिलाने तिचं उत्तर सांगितलं, "मारतात." तेवढ्यापुरती ती मला आवडली.

कंपनीने त्याला परत घेतलं. तिथल्या साहेबांना परदेशी सही पुरली, नवऱ्याच्या तोंडचा शब्द पुरला नव्हता. वकील पेढे मागायला आला. पेढे वाटावेत असं मला त्यात काही दिसेना, मी चहासुद्धा विचारला नाही. नवरा डबा घेऊन पहिल्या शिफ्टला जाऊ लागला, पण माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलला नाही. दोन परक्या माणसांसमोर मी त्याला ते सगळं बोलायला लावलं होतं. त्याचा राग खरा होता. तशी वेळ पुन्हा आली असती, तर मी पुन्हा तेच केलं असतं.