भाचीला ‘ध’ आलं

बारशाला आत्या लागते. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि मग बायकांचे धपाटे पाठीवर घ्यायचे, एवढंच तिचं काम. तेवढ्यासाठी धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा पिठाची गिरणी नवऱ्यावर सोपवून मी कोल्हारहून नगरची एसटी धरली.

मुलगी तीन महिन्यांची होत आली तरी बारसं झालं नव्हतं. “ताई, तू तरी समजाव. ही ऐकतच नाही,” भाऊ म्हणाला होता. ही म्हणजे माझी भावजय. ती का ऐकत नव्हती ते मला ठाऊक होतं. तिचा पहिला मुलगा बारशानंतर काही आठवड्यांतच गेला. त्याचं नाव मीच कानात सांगितलं होतं. ही मुलगी दिवस भरायच्या आधी झाली, काचेच्या पेटीत राहिली आणि आता चांगली बाळसं धरत होती. फक्त तिला नाव नव्हतं.

गुरुजींनी जन्मवेळेवरून ‘ध’ अक्षर काढून दिलं होतं. भाऊ मोबाईलवर ‘ध’ची नावं काढून बसला होता. पाथर्डीकडची आमची चुलती आधीच येऊन, भिंतीला टेकून बसली होती. भावजय बाळाला मांडीवर घेऊन थोपटत होती.

भाऊ वाचू लागला, “धन्वी. धृती. म्हणजे धैर्य, संस्कृत आहे. धरा म्हणजे पृथ्वी. धनिष्ठा तर नक्षत्रच. धियांशी.”

“धियांशी म्हणजे?”

“देवाचा अंश, असं लिहिलंय.”

“आणि मघाचं ते धन्वी?”

“तेही देवाचंच काहीतरी.”

“सगळ्या देवाच्याच. आपल्यासाठी एखादी ठेव की,” मी म्हणाले.

भावजयीने बाळ पाळण्यात ठेवलं आणि ती आत निघून गेली. काय बोलून गेले ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

चुलती म्हणाली, “कशाला त्यो मोबाईल? तुमच्या चुलत्याचंच द्या की पोरीला.”

नवऱ्याचं नाव ती अजूनही घेत नाही, पण आम्हाला कळलं. चुलत्याचं नाव धोंडू. त्याच्या आधीची दोन मुलं गेली होती. आमच्या भागात दगडू, धोंडू, केरू ही नावं अशीच आलेली. नेणाऱ्याला वाटावं, हा तर धोंडा, हा केर, हे नेऊन काय करायचं.

“धोंडाबाई? काकू, शाळेत पोरं छळतील तिला,” भाऊ म्हणाला.

“छळू द्या. छळायला पोरगी तर ऱ्हाईल. तुमचा चुलता न्हाई का ऱ्हायला? लई वर्सं ऱ्हायला, वर मलाच छळलं.”

मला असल्या गोष्टी पटत नाहीत. ही मुलगी डॉक्टरांमुळे जगली, आणि वेळेत दवाखान्यात नेल्यामुळे. ते बोलून दाखवण्याऐवजी मी स्वयंपाकघरात गेले.

भावजय ओटा पुसत होती. ओटा स्वच्छच होता.

“तू तिला हाक काय मारतेस?” मी विचारलं.

“काहीच नाही.”

“सोनू, बाळा, असलं काही?”

“नाही. ताई, हाक मारली की सवय लागते. तो गेल्यावर कितीतरी दिवस त्याचं नाव तोंडात यायचं. दूध गरम करताना, कपडे वाळत घालताना. नंतर तोंड बंद ठेवायला शिकले मी.”

तीन महिने ती बाळाला न्हाऊमाखू घालत होती, पाजत होती, तेही एक हाक न मारता. धोंडूचा मला इतकी वर्षं लागलेला अर्थ अर्धाच होता. यमाला फसवायचं हे लोकांना सांगायला. दोन मुलं गेलेल्या माझ्या आजीला तिसऱ्याचं लाडाचं नाव घ्यायची भीतीच वाटत असणार. पण पोराला हाक तर मारायला हवी. तर मग धोंड्या म्हणावं. तेवढं तोंडातून निघतं.

“हे बघ,” मी म्हणाले, “बारसं राहू दे. दाखल्यावरचं नाव तुला वाटेल तेव्हा ठरव. तोवर काकू म्हणते ते वापर. ते काही खरं नाव नाही.”

“धोंडाबाई? शी, ताई!” पण तिला थोडं हसू आलं.

चहा झाला. मी एसटीसाठी निघाले, दारात चप्पल घालत होते. पाळण्यात बाळ रडायला लागलं. नेहमी भावजय मुकाट्याने उठून जाते, असं भावाने मला सांगितलं होतं. तो चुलतीला पाणी देत होता, तसाच थांबला. स्वयंपाकघरातून आवाज आला, फार मोठा नाही.

“आले गं धोंडाबाई, आले.”

भावाने माझ्याकडे बघितलं. मी त्याला हातानेच गप्प राहायला सांगितलं. तेवढ्यात चुलती भिंतीचा आधार घेत उठली, माझ्यामागे आली आणि तिने माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

“झालं बारसं,” ती म्हणाली.

जन्मभर खुरपं धरलेला हात तो. कोल्हार येईपर्यंत पाठ दुखत होती.