भेगेच्या टोकाशी बसलेल्या बाई

या बाईंबद्दल लिहावं असं बरीच वर्षं मनात आहे. गणित मला कळत नाही. खाली काही चुकलं असेल तर ते माझं.

त्या वरच्या कचेरीत लाकडी तुळयांचं गणित करायच्या. मी खालच्या कारखान्यात सरस लावून, फळ्यांवर फळ्या दाबून त्याच तुळया बनवायचो. सगळे त्यांना जाळीबाई म्हणत. कुठे भेग दिसली की त्या तुळईचं चित्र काढून त्याचे त्रिकोण पाडायच्या. लांबवर ऐसपैस, भेगेजवळ लहान, टोकापाशी तर मुंगीच्या पावलाएवढे. कुठला त्रिकोण शेजारच्याला किती ओढतो याची हजारो समीकरणं मग यंत्र सोडवत बसायचं.

"सगळा ताण टोकाशी गोळा होतो," त्या म्हणायच्या. "तिथं हळू जावं लागतं." बोलता बोलता कपाला चरा दिसला, की हातातला चहा निवून जायचा.

थोरल्या भावाकडे राहायच्या. त्यांची वहिनी एकदा डबा द्यायला आली तेव्हा म्हणाली, "आमच्या वन्सं भिंतीचा पोपडा बघत जेवतात. भाजी कुठली होती ते तेवढं विचारू नका!"

नव्या वाचनालयाच्या छताला माझी तुळई होती. सात थर, बाहेरचे कठीण लाकडाचे, आतले हलक्या लाकडाचे. उद्घाटनाला आठ दिवस असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मध्ये वीतभर भेग दिसली. बाईंनी गणित केलं, भेग पुढे जाणार नाही असं लिहून सही केली. साहेब खूश.

तिसऱ्या दिवशी बाई खाली आल्या आणि पालथ्या खोक्यावर बसल्या.

"सरसभाऊ, माझ्या गणितात टोकापाशी भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींत शिरतायत. धुक्यात धुकं शिरावं तशा."

"लाकडात लाकूड कसं शिरेल, बाई?"

"तेच तर. सगळे म्हणतात, केसाएवढ्या जागेतली भानगड, सोडा. पण झोपेतही मी त्या थरांमधून चालत असते. दोन्हीकडे लाकडाचे तंतू, नदीसारखे वाहणारे. पायाखाली सांधा असायला हवा, तर काहीच नाही. माझ्या कागदावर सरस म्हणजे नुसती रेघ, भाऊ. खरा कसा होता?"

माझा हात थांबला. ती तुळई केली त्या दिवशी फळ्या दाबायच्या शिकंज्याचा स्क्रू अडकला होता. सरस लावल्यावर दहा मिनिटांत फळ्या दाबायच्या असतात, मला अर्धा तास लागला. तेवढ्यात त्या एका थरावर साय धरली होती. खरवडून काढायला हवी होती, मी तशीच दाबली. कुणाला बोललो नाही. आता बोललो तर तुळई उतरणार, कदाचित मीही. तरी मी सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. "गणितात सरस दाबायच्या आधी कधी वाळत नाही," म्हणाल्या. "आणि मी विचारायला आले ती सही करून."

त्यांनी माझ्याकडून तशाच साय धरलेल्या सरसाने लाकडाच्या पट्ट्या चिकटवून घेतल्या, ओढून तोडल्या, आणि तोडायला लागला तेवढा जोर गणितात त्या रेघेच्या जागी घातला. कडा टेकतील पण शिरणार नाहीत, अशी अटही घातली. मग दिवसभर यंत्र गुणगुणत राहिलं. खिडकीतलं ऊन टेबलावरून हळूहळू सरकलं. बाई भेगेला एकेक त्रिकोण पुढे नेत होत्या.

"अजून एक... अजून एक... ही थांबतच नाही हो." गणितातली भेग थेट तुळई टेकते त्या भिंतीपर्यंत गेली.

त्या उठून साहेबांकडे गेल्या. मी मागे.

"साहेब, माझी सही परत द्या."

"सही म्हणजे काय उसनी दिलेली वाटी आहे, बाई? निमंत्रणं गेलीत!"

"मग पाहुण्यांना अंगणात बसवा."

"एकोणीस वर्षांत तुमचं गणित चुकलं नाही. आता चुकलं म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरू?"

"तुम्ही कशाला? मीच लिहून देते." आणि उभ्याउभ्याच लिहिलं, 'सरस चांगला आहे असं न विचारता धरलं. चूक माझी.' माझा उल्लेखच नव्हता. मग मला पुढे व्हावंच लागलं.

माझं ऐकून साहेबांनी कपाळाला हात लावला. "आज काय कबुल्यांचा दिवस काढलाय?"

छताला टेकू लागले, तुळई खाली आली. आम्ही ती चिरली. एका बाजूचा सरस काचेसारखा चकचकीत, समोरच्या फळीला न चिकटलेला. भेग मोजली होती त्याहून चार बोटं पुढे सरकली होती. बाईंनी तिच्या टोकावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही.

वाचनालय दीड महिना उशिरा उघडलं. साहेबांनी मला सरसावरून काढून रंध्यावर बसवलं, ते बरोबरच होतं. बाई गणितावरच राहिल्या. पण त्यानंतर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी त्या खाली येत, सरस लावणाऱ्याशेजारी बसत आणि विचारत, "आज काय काय झालं, सगळं सांगा."