वृषालीनं वाढवलेलं बीपी

वृषालीला गप्प बसता येत नाही, हे सणसर गावाला ती बालवाडीत असल्यापासून माहीत आहे. बाईंनी "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हटलं, की सगळी पोरं बोट ठेवायची. हीही ठेवायची, आणि बोटाच्या कडेनं विचारायची, "किती वेळ, बाई?" त्या बाई पुढच्याच वर्षी बदली करून घेऊन गेल्या. हिच्यामुळे गेल्या असं कुणी म्हणत नाही, पण हिच्यामुळे थांबल्या असंही कुणी म्हणत नाही.

तिचे वडील झुंबर हे उसाला पाणी देणारे आणि उसाइतकंच बोलणारे गृहस्थ. घराच्या वाट्याला आलेलं सगळं बोलणं लेकीने एकटीने उचललं होतं. अशी मुलगी नर्सिंगला गेली तेव्हा गावाला हायसं वाटलं. पेशंट झोपूनच असतो, उठून जाता येत नाही, तेव्हा हिला ऐकणारं माणूस कायमचं मिळालं, असा हिशेब होता.

बारामतीच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये तिची तीन वर्षं संपत आली आणि खरा गोंधळ सुरू झाला. तोपर्यंत पुढे काय, हे वेळापत्रकावर लिहिलेलं असायचं. आता वेळापत्रक संपलं होतं. पुण्याच्या एका मोठ्या खासगी दवाखान्याने तिला आयसीयूत घ्यायची तयारी दाखवली होती. होय की नाही ते शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. पोस्ट बेसिक बीएस्सीचा, म्हणजे आणखी दोन वर्षं शिकायचा फॉर्म भरायची मुदतही त्याच शुक्रवारी त्याच पाच वाजता संपत होती. शिवाय बारामतीत एक जण जर्मन भाषेचा क्लास घेऊन थेट जर्मनीला पाठवतो असं सांगत होता, आणि सरकारी भरती निघणार, निघणार असं तर वारासुद्धा सांगत होता.

ती बसथांब्यावर अनोळखी बाईला विचारायची. कंडक्टरला सुट्टे पैसे देता देता विचारायची. एकदा तर राँग नंबर लागलेल्या माणसाला तिने सात मिनिटं धरून ठेवलं; तो बिचारा ठिबकच्या नळ्या विकणारा होता, पण फोन ठेवताना "ताई, सरकारीच बघा" असं सांगून गेला.

वडिलांना तर ती रोज विचारायची. "आप्पा, मी पुढं काय करू?"

आप्पा पाण्याची बारी सोडून एकदा तिच्याकडे बघायचे. "तुला काय वाटतंय?"

"मला काय वाटत असतं तर तुमाला विचारलं असतं का!"

"मग वाटू दे की," असं म्हणून आप्पा पुन्हा पाण्याकडे वळायचे. ती पाय आपटत घरी.

अशात स्कूलने शेवटचं काम दिलं. प्रत्येकीने आपापल्या गावातल्या चाळीस माणसांचं बीपी तपासायचं आणि वहीत लिहून आणायचं. सोबत एक बटणाचं मशीन दिलं. पट्टा दंडाला गुंडाळायचा, बटण दाबायचं, मशीन घरघरतं आणि मिनिटाभरात आकडा दाखवतं. चाळीस घरं हिंडण्यापेक्षा चाळीस माणसं एका जागी गाठावीत म्हणून वृषालीने सोमवारी सकाळी दूध डेअरीच गाठली. सगळं गाव तिथे किटल्या घेऊन येतंच. दुधाचं फॅट मोजून होईपर्यंत माणूस मोकळा असतो. आणि दंडाला पट्टा बांधलेला माणूस मिनिटभर कुठेही जाऊ शकत नाही, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तर तिचे डोळेच लकाकले.

पहिले सापडले दत्तोबा तात्या. दोन्ही हातांत दोन किटल्या, गालात तंबाखू, दम लागलेला. तिने स्टुलावर बसवलं, पट्टा बांधला, बटण दाबलं आणि त्याच दमात विचारलं, "तात्या, मी जर्मनीला जाऊ का?"

"जर्मनी? तितं म्हशी हायत्या का?"

"मी काय म्हशी तपासाया चाललेय?"

"तसं न्हाय गं. जितं म्हस न्हाय तितला च्या कसला? आन् च्या धड न्हाय तितं आपलं मानूस टिकतंय व्हय? आमचा धाकटा दुबईला गेलता, सा महिन्यात माघारी आला. का? च्या!" तात्यांनी मुद्दा पटवायला मांडीवर थाप मारली. मशीनने आकडा दाखवला. एकशे छप्पन्न.

मग डेअरीचे सचिव आबाजी. "सरकारी," ते म्हणाले. "सरकारीशिवाय बात न्हाय. मी अठ्ठ्याण्णव साली तलाठ्याची परीक्षा दिलेली. दोन मार्कांनी गेली. दोन! आन् ज्याला मिळाली तो आज…" पुढची कहाणी मशीन थांबल्यावरही चालू राहिली. एकशे चौसष्ट.

मोबाईलच्या दुकानवाला रविराज चार वर्षं पुण्यात राहून आलेला, त्यामुळे पुणे हा त्याचा खास विषय. "डोळे झाकून पुण्याला जा. हितं काय ठेवलंय? मी काय चूक केली म्हाईत हाय का, मी माघारी आलो." बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला आणि रांगेतल्या दोन म्हशीवाल्यांशी त्याचं भांडण लागलं. एकशे अठ्ठावन्न.

अडुसष्ट वर्षांच्या प्रयागबाईंनी प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. "आदी लगीन कर. मग काय करायचं ते नवऱ्याला इचार."

"आन् नवऱ्याला म्हाईत नसलं तर?"

"कुनाला म्हाईत अस्तंय? पन इचाराया हक्काचं मानूस तर व्हतंय!" एकशे शहात्तर.

दोन दिवसांत चाळीस माणसं झाली. त्यातल्या एकोणीस जणांचं बीपी वाढलेलं निघालं. शेवटचे आप्पा. त्यांनाही तिने तोच प्रश्न विचारला, त्यांनी तेच उत्तर दिलं आणि गप्प बसून राहिले. एकशे अठरा. आप्पांच्या दंडाला पट्टा नीट बसला नसणार, असा तिने निष्कर्ष काढला आणि वहीत त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

एकोणीस हा आकडा बघून तिची झोप उडाली. तिने एकोणीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि एकोणीस जणांना आरोग्य केंद्रात तपासून घ्यायला सांगितलं. मंगळवारी दुपारपर्यंत सणसरला बीपीची साथ आल्याची बातमी पार भवानीनगरच्या स्टँडवर पोचली. घराघरांतलं मीठ वरच्या फळीवर गेलं. लोणच्याच्या बरण्यांना कुलपं लागली. दत्तोबा तात्यांच्या बायकोने तीस वर्षं साठवलेले सगळे मुद्दे एका दुपारी वसूल केले: तंबाखू बंद, पत्ते बंद, जावेच्या घरचा चहा बंद. तात्या कट्ट्यावर येऊन म्हणाले, "बीपीनं मरत न्हाय, पर हिच्या हातनं मरतो."

आणि बुधवारी दुपारी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा नर्सिंग स्कूलला फोन गेला. चिठ्ठी घेऊन आलेल्या सगळ्यांचं बीपी नॉर्मल आहे, आणि आपण कुणी तरी फार हुशार मुलगी पाठवलेली दिसते.

राजेश्वरी मॅडम या स्कूलच्या जुन्या शिक्षिका. त्यांचा आवाज कधी चढत नाही, त्यामुळे मुली त्यांना जास्त घाबरतात. त्यांनी वृषालीला समोर बसवलं.

"बीपी घेण्याआधी पेशंटला काय सांगायचं?"

वृषालीने घडाघडा म्हणून दाखवलं. "पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, आणि मोजताना पेशंटला बोलू द्यायचं नाही." प्रात्यक्षिकात या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मार्क होते.

"छान. आणि तू पट्टा बांधल्यावर काय करत होतीस?"

वृषाली पहिल्यांदाच थोडी अडखळली. "विचारत होते, मॅडम."

"काय?"

"की मी पुढं काय करू."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हसू दाबायची त्यांची ती पद्धत होती. "चाळीसही जणांना?"

"हो. पण मॅडम, तुम्हाला काय वाटतं, पुण्याचं घेऊ की पोस्ट बेसिक…"

मॅडमनी उत्तराऐवजी मशीन काढलं आणि पट्टा तिच्याच दंडाला बांधला. "पाच मिनिटं. एक शब्द नाही."

खोलीत पंखा फिरत होता. वृषालीने पंख्याच्या पात्यांकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं, कॅलेंडरवरच्या शुक्रवारकडे पाहिलं आणि दीड मिनिटाने तिच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, फॉर्म पाचला बंद होतो की पाच वाजून…"

"एकोणीस जण," मॅडम म्हणाल्या. "उद्या. प्रत्येकाच्या घरी जाऊन. प्रत्येकी पाच मिनिटं, त्यांनीही गप्प आणि तूही गप्प. शुक्रवारी वही माझ्या टेबलावर. मग पुढचं तुझं तू बघ."

गुरुवारी सकाळी वृषाली बाहेर पडली. एकोणीस गुणिले पाच, म्हणजे पंचाण्णव मिनिटं तोंड मिटून! तिच्या उभ्या आयुष्यातल्या सगळ्या गप्प मिनिटांची बेरीज तेवढी भरली नसती. पहिल्या घरी तात्या अपराध्यासारखे पाय जुळवून बसले. पहिलं मिनिट त्यांना खोकला आला, दुसऱ्याला खाज आली, तिसऱ्याला त्यांनी डोळ्यांनी विचारलं, 'झालं का?' तिने मानेने 'नाही' सांगितलं. पाचव्या मिनिटाला तात्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि बघतच राहिली. हा माणूस असा गप्प तिने लग्नातल्या अंतरपाटामागेही पाहिला नव्हता. एकशे बावीस. तात्यांनी लगेच लोणच्याच्या बरणीकडे बोट दाखवलं. आबाजी एकशे चोवीस. रविराज एकशे सोळा. गावातली कुलपं एकेक उघडत चालली.

गप्प बसायचं म्हटल्यावर डोळ्यांना काम उरतं. आबाजींच्या फळीवर गेल्या वर्षीच्या औषधाची न फोडलेली बाटली दिसली. एका घरी आजोबांना चष्मा होता पण तो नातवाच्या खेळण्यातल्या अस्वलाला लावलेला होता. तीन वर्षं तिने वॉर्डात माणसं बघितली होती, पण तिथे माणसाबरोबर त्याचं घर येत नाही. दुपारपर्यंत ती इतकं बघत गेली, की शुक्रवार जवळ आलाय हे तीनदा विसरली.

एकोणिसाव्या प्रयागबाई. ओसरीवर पाठ टेकून बसल्या, पाय जमिनीवर. वृषालीने पाच मिनिटं पाहिलं. पायावर सूज होती. जोडव्यांच्या कडेनं कातडी वर आली होती. बटण दाबलं. वरचा एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे चार.

तिने आणखी पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. मग पुन्हा. आकडा हलला नाही. आज मात्र तिने काहीच विचारलेलं नव्हतं.

"आज्जी, केंद्रात सगळ्यांचं नॉर्मल आलं म्हणं. तुमचं किती आलतं?"

"मी कुठं गेले? तितं ही रांग! स्वप्नालीला धाडली."

"सुनेला?"

"तिला येळ व्हता. तिचं नार्मल निघालं. मग एका घरात कितींदा तपासायचं?"

वृषालीला हसावं की ओरडावं कळेना. एका घराला एक रेशनकार्ड, एक गॅसजोडणी, तसं एक बीपी! तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. म्हातारीला स्कूटीवर मागे बसवलं, पदर चाकात जाऊ नये म्हणून खोचायला लावला आणि सरळ आरोग्य केंद्र गाठलं. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं, वृषालीकडे एकदा पाहिलं, गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "आठवड्याने परत मोजायला हवं. चुकवू देऊ नका."

परत येताना कालव्याच्या पुलावर मागून आवाज आला. "गोळी दिली ती बरं झालं. पन आटवड्यानं मी काय येत न्हाय हां. गुडघं हायत का माजं? तूच ये घरी."

"मी आठवड्यानं हितं आसंन का म्हाईत न्हाय, आज्जी."

"मग कोन येनार?"

वृषालीने तीन वर्षांत शेकडो प्रश्न विचारले होते. तिला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, ज्याचं उत्तर तिच्याकडेच होतं. पूल संपला, कोपरा गेला, डेअरी गेली, तरी ती बोलली नाही. प्रयागबाईंना काळजी वाटायला लागली. "रागावली का गं?"

शुक्रवारी सकाळी वही मॅडमच्या टेबलावर गेली. आप्पांच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह खोडलेलं होतं. मॅडमनी पान उलटलं. "काय ठरलं?"

"ठरलं," वृषालीने एका शब्दात आटोपलं. मॅडमनी पुन्हा चष्मा काढला.

दुपारी तिने बांधावर बसून आधी पुण्याला कळवलं, की आभारी आहे, येत नाही. तो पगार आठवून पाठवलेला निरोप एकदा पुन्हा वाचला. मग पोस्ट बेसिकचा फॉर्म उघडला. अजून दोन वर्षं, पण बारामतीतच, म्हणजे आठवड्याला प्रयागबाईंकडे येता येणार होतं. त्यानंतर गावांमध्ये फिरून माणसं तपासायची, दंडाला पट्टा आणि तोंडाला कुलूप लावून. साइट चालेना, फोटो चढेना, चार वाजून चाळीस मिनिटं झाली. शेवटी ओटीपी गेला, आणि तो गेला आप्पांच्या फोनवर. आप्पा पलीकडच्या सरीत पाणी वळवत होते.

"आप्पा! नंबर आलाय का बगा! सा आकडी!"

आप्पांनी हात धोतराला पुसले, फोन लांब धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून लेकीला प्रश्न विचारला. "कशाचा हाय?"

"आदी सांगा, मग इचारा!"

कमी बोलणारा माणूस जेव्हा ओरडतो तेव्हा साठवलेल्या आवाजात ओरडतो. आप्पांचे सहा आकडे कालव्याच्या पलीकडे ऐकू गेले. पलीकडून म्हैस हाकत चाललेले दत्तोबा तात्या जागीच थांबले. गालात तंबाखू परत आली होती.

"ए पोरी, कसला नंबर? पुनं का जर्मनी? का सरकारी?"

वृषालीने बटण दाबलं. फॉर्म पोचला. तिने फोन ओटीत टाकला आणि तात्यांकडे वळून हाक दिली.

"तात्या, खाली बसा. पाठ टेका. पाच मिनिटं गप ऱ्हावा, मग सांगते."