तिसऱ्या कुंपणाचा वरचा वासा

चार गोऱ्या माणसांनी आपल्याला त्यांच्यात खुर्ची दिली की माणूस किती लवकर शेपूट घालतो, ते मला विचारा. मी रिटायर्ड स्ट्रक्चरल इंजिनियर. उभा जन्म पूल तपासण्यात गेला. 'हा पाडावा लागेल' असं तोंडावर सांगताना मी कधी कुणाच्या बापाला घाबरलो नाही. घाबरलो तो एका लाकडी कुंपणापायी.

आमच्या डब्लिनपासून दीड तासावर घोड्यांची एक जुनी, नावाजलेली शर्यत होते. सपाट मैदानातली नव्हे. कुरणांतून, चढउतारांवरून धावायचं आणि वाटेतली छातीएवढी लाकडी कुंपणं उड्या मारून ओलांडायची. माझी मुलगी घोड्यांची डॉक्टर आहे, शर्यतीच्या दिवशी तिथे तिची ड्यूटी असायची. तिच्यामुळे मी जायला लागलो. एकदा त्यांच्या ओढ्यावरचा छोटा पूल फुकटात तपासून दिला, तर त्यांनी मला चक्क समितीवर घेतलं. समितीचा हिरवा टाय मिळाला. तो घालून मी महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत मिरवलो होतो, हे लिहितानाही कानकोंडं व्हायला होतं. बायको म्हणालीसुद्धा, झोपताना तेवढा काढत जा.

तिसरं कुंपण सगळ्यांत उंच. त्याचे आडवे वासे पहिल्यापासून अखंड ओक लाकडाचे, खांबांत पक्के ठोकलेले. तीच तिथली परंपरा, तिचाच अभिमान. मुलीचं म्हणणं एवढंच होतं की सगळ्यांत वरचा वासा मागच्या बाजूने करवतीने अर्धा चिरून ठेवा. घोड्याचे गुडघे आपटले तर वासा मोडेल, घोडा वाचेल. समोरून कुणाला फरकही दिसणार नाही. तिने मला हिशेब करून बघायला सांगितलं. मी दोन संध्याकाळी बसलो. उत्तर स्वच्छ होतं: अखंड वासा हलत नाही, मग घोडाच उलटा होतो.

"तुझं बरोबर आहे," मी तिला म्हणालो. "मीटिंगला मी बोलतो."

मीटिंगला ती मागच्या खुर्चीवर बसली होती. तिने मुद्दा मांडला. अध्यक्ष ऐंशीच्या घरातले. आपल्या आजोबांनी याच कुंपणावरून घोडा घातला होता, असं ते सांगत होते आणि भिंतीवर आजोबांचा फोटोही होता. मग ते माझ्याकडे वळले आणि विचारलं की इंजिनियर म्हणून तुमचं मत काय.

कागद माझ्या खिशात होता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, आत्ता बोललो तर हे म्हणतील, काल आला आणि आमच्या आजोबांना शिकवतोय. मी म्हणालो, "निश्चित सांगायला आणखी अभ्यास करावा लागेल."

अरे, कसला अभ्यास? अभ्यास खिशात होता! पण मी तो बाहेर काढला नाही, आणि विषय पुढच्या वर्षावर गेला. परतताना मुलगी गाडी चालवत होती. एरवी तिच्या तोंडाला खळ नसतो, त्या दिवशी तिने रेडिओ लावला.

शर्यतीच्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. मी समितीच्या तंबूपाशी हातात सँडविच घेऊन उभा. तिसऱ्या कुंपणावर एका तांबूस घोडीचे गुडघे वरच्या वाशाला लागले. वासा जागचा हलला नाही. घोडी उलटी होऊन पलीकडे पडली. स्वार उठला. घोडी पुढच्या पायांवर उठू बघत होती आणि तिला जमत नव्हतं. त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं? आता कुणी माझ्याकडे बघू नये. घोडीचा विचार त्यानंतर आला. याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

चार माणसांनी घोडीभोवती हिरवा पडदा धरला आणि माझी मुलगी बॅग घेऊन आत गेली. पाय जोडण्यापलीकडे गेला होता. घोडीला मरणाचं इंजेक्शन मुलीलाच आपल्या हाताने द्यावं लागलं. बाहेर येऊन तिने नळावर हात धुतले, बराच वेळ धुतले. मी जवळ गेलो. माझ्याशी कायम इंग्रजीत बोलणारी ती मुलगी मराठीत म्हणाली, "बाबा, तुझं गणित बरोबर आलं."

आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात तिने तिथली ड्यूटी सोडली.

महिन्याभराने मीटिंग झाली. मी कागद काढला आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, आता भडका उडणार. कसलं काय! अध्यक्षांनी चष्मा लावून आकडे पाहिले आणि सुताराला बोलवायला सांगितलं. कुणीही विरोध केला नाही. सुतार तिथेच मैदानावर होता, दहा मिनिटांत करवत चालली आणि काम झालं.

मग अध्यक्षांनी कागदाच्या कोपऱ्यातल्या माझ्या तारखेवर बोट ठेवलं. ती शर्यतीच्या आधीची होती.

"हे तुमच्याकडे तेव्हाच होतं?" ते म्हणाले. "मी तर तुम्हाला विचारलं होतं."

हो, विचारलं होतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.