व्हिएन्नातली नऊ स्टेशनं

माझी धाकटी बहीण लग्न झाल्यावर जर्मनीत राहायला गेली. तिसऱ्या वर्षी तिनं आईवडिलांना तिकडं बोलावलं. आबा म्हणाले, "आमी दोघंच न्हाई येणार. तुझा भाऊ संगं असंल तर येतो." म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मीही निघालो. मी परभणीत एका शाळेत भूगोल शिकवतो. डॅन्यूब नदी कुठून कुठं वाहते, हे बरीच वर्षं पोरांना नकाशावर दाखवत आलो होतो. विमानात मात्र पहिल्यांदाच बसत होतो.

बहिणीनं आठ दिवसांचा बेत आखून ठेवला होता. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, सगळं रेल्वेनं. जावयांना रजा नव्हती, त्यामुळं आम्ही चौघंच. सोबत एका पिशवीत धपाटे, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

आबांना शहरं पाहण्यात फारसा रस नाही, हे प्रागमध्येच कळलं. जुना पूल, किल्ला, घड्याळ, कशापुढंही ते दोन मिनिटांच्या वर थांबायचे नाहीत. बाक शोधून बसायचे. रेल्वेत मात्र खिडकी सोडायचे नाहीत. आमचं शेत गंगाखेडजवळ, उसाचं. एका ठिकाणी बहीण म्हणाली, "आबा, हे बीट. हितं साखर ह्याच्यापासून करतात." त्यांना ते खरं वाटेना. तिनं फोनवर फोटो दाखवले. मग बाहेरच बघत ते म्हणाले, "म्हंजी ह्याला तोडणीला माणसं लागत नसतील." यंत्रानं उपटतात, असं तिनं सांगितलं. "आन् माणसं काय करत्यात मंग?"

माय सगळीकडं मागं चालायची. पुढं आबा, मग आम्ही, शेवटी ती. गावातही ती अशीच चालते, त्यामुळं त्यात काही वेगळं आहे असं आम्हाला वाटलं नाही. काय बघायचं, कुठं जेवायचं, हे तिला कुणी विचारत नव्हतं आणि तीही सांगत नव्हती. फोटोत उभं राहा म्हटलं की राहायची.

व्हिएन्नात दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मेट्रोनं राजवाडा बघायला निघालो. आमचं स्टेशन आलं तेव्हा गर्दी होती. आबा उतरले, बहीण उतरली, मी उतरलो. मायच्या पुढं एक बाई बाळाची गाडी घेऊन उभी होती. तिला वाट देण्यासाठी माय बाजूला सरकली आणि दार लागलं. काचेतून तिचा चेहरा दिसला. घाबरलेला नव्हता, नुसता बघत होता. गाडी गेली.

तिच्याकडं फोन नव्हता, पैसे नव्हते. हॉटेलचा पत्ता माझ्या खिशात होता. तिला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही, वाचायलाही जेमतेम येतं.

बहीण पाठोपाठच्या गाडीनं पुढच्या स्टेशनवर गेली. माय तिथं उतरून थांबली असेल, असा आमचा अंदाज. दहा मिनिटांनी तिचा फोन आला, "दादा, हितं न्हाई. मी आणखी पुढं बघते." मी वर जाऊन तिथल्या एका कर्मचारी बाईला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. आबांना म्हटलं, तुम्हीही चला. ते म्हणाले, "मी हितंच थांबतो. ती आली तर कुणीतरी पायजे." आणि जिथं दार लागलं होतं, तिथंच उभे राहिले. जवळ बाक होता, त्यावर बसले नाहीत.

ती बाई माझ्यासोबत खाली आली आणि वही काढून विचारू लागली. वय? मी पासपोर्टवरची जन्मतारीख सांगितली. एक जून. ती खरी नाही, हे सांगत बसण्याची ती वेळ नव्हती. आमच्या घरात तिघांचा जन्म एक जूनचाच आहे, शाळेत गुरुजींनी घातलेला. मग तिनं कपडे विचारले. मी म्हणालो, हिरवी साडी.

आबांना इंग्रजी येत नाही, पण माझा हात साडीसारखा फिरला तो त्यांनी पाहिला असावा. "काय इचारायलीय ती?"

"मायच्या अंगावर काय हाय म्हणून."

"तू काय सांगितलास?"

"हिरवी साडी."

"हिरवी काल व्हती. आज जांभळी हाय, बारीक काठाची. वरून माझं स्वेटर घातलंय, खालचं एक बटन तुटलेलं. पायात पोरीचे पांढरे बूट हायत. डावा चावतो म्हणून ती जरा पाय ओढत चालायलीय, कालपसनं."

मी ते जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. बूट चावतो, हे आम्हा दोघा भावंडांना माहीत नव्हतं.

त्यानंतर अर्धा तास गेला. बहीण तीन-चार स्टेशनं पाहून परत आली. ती रडत होती. दर तीन-चार मिनिटांनी गाडी यायची, दारं उघडायची, माणसं उतरायची. आबा प्रत्येक दाराकडं बघायचे.

माय समोरच्या, उलट्या बाजूच्या फलाटावर उतरली. आम्ही सगळे ह्याच बाजूला बघत होतो, म्हणून तिलाच हाक मारावी लागली. आबांना ती नावानं हाक मारत नाही. "अवो," एवढंच म्हणाली.

नंतर एका बाकावर बसवून, पाणी देऊन, आम्ही तिला विचारलं. ती पुढच्या स्टेशनवर उतरलीच नव्हती.

"हे सगळे फलाट एकसारखे. उतरले आन् चुकले तर? म्हणलं, गाडी कुटंतरी संपंलच की. बसून राह्यले. दर ठेसनाला बोटाचं एक पेर मोजलं. नऊ झाले आन् समदे उतरले. एका पोलिसासारख्या माणसानं हात करून दुसरीकडची गाडी दावली. तिच्यात बसले, परत नऊ मोजले."

"भ्याली न्हाईस?" बहिणीनं विचारलं.

"भ्याले की. पर मोजायचं व्हतं ना, ध्यान तिकडंच व्हतं."

आबा म्हणाले, "बूट काढ जरा." तिनं काढला. टाचेला फोड आला होता. राजवाडा राहिलाच, त्या दिवशी आम्ही नवे बूट घेतले.

बुडापेस्टला नदीकाठानं ट्राम जाते. शेवटच्या दिवशी दुपारी माय म्हणाली, "मी एकटी बसून जाऊन येते."

आबा म्हणाले, "कशाला? चुकली म्हंजी?"

"एकदा चुकून आलेच की."

बहिणीनं तिच्या हातात एक फोन दिला, पत्त्याची चिठ्ठी दिली. ट्राम निघून गेली. आबा आणि मी काठावर बसलो. समोर डॅन्यूब होती, माझ्या धड्यातली. आबांनी तिची रुंदी गोदावरीशी ताडून पाहिली, मग मला वेळ विचारली. पाच मिनिटांनी परत विचारली.

ती पाऊण तासानं आली. ट्राममध्ये शेजारी एक म्हातारी बसली होती, असं तिनं सांगितलं. मायच्या हातावरचं गोंदण पाहून तिनं स्वतःची बाही वर केली; तिच्या दंडावर मासा गोंदलेला होता. दोघींनी एकमेकींचे हात पाहिले. "ती लय बोलत व्हती," माय म्हणाली. "मीबी बोलले." काय बोललीस, हे विचारल्यावर, "शेतीचं, पोरायचं," असं उत्तर आलं.

गावी परतल्यावर आठवडाभर लोक येत राहिले. आबा बिटाचं सांगायचे. मायला बायका विचारायच्या, काय काय पाहिलं. ती म्हणायची, "पोरांनी किल्ले, पूल दावले. व्हिएन्नात मी एकटीच फिरले." आबा ऐकत बसायचे आणि त्यात दुरुस्ती करायचे नाहीत.

दिवाळीला गावी गेलो होतो. उसाला पाणी देत होतो. आबा बांधावर उभे होते. बाकीचं काही बोलणं चाललेलं नसताना म्हणाले, "त्या दिवशी ठेसनावर तुझी माय आलीच नसती, तर तुझ्या मामाला काय सांगणार, हेच मी तिथं उभा राहून ठरवीत व्हतो."

"मग काय ठरवलं?"

"काई सुचलं न्हाई," ते म्हणाले, आणि दुसऱ्या सरीला पाणी वळवायला गेले.