बत्तीस कोटांची मापं

आमच्या जाऊबाईंना माप घेतल्याशिवाय कात्री हातात धरवत नाही. तीस वर्षं घरातली पुढची खोली हेच त्यांचं दुकान. भिंतीला टेकून दोन मशीनं, मधे बेतायचं टेबल, आणि गिऱ्हाईक दारात दिसलं की गळ्यातली टेप हातात आलीच. स्वतःच्या नवऱ्याचा शर्टसुद्धा दर वेळी नव्याने मापून शिवतात. मी धाकटी. काजं-बटणं माझ्याकडे, कॉम्प्युटर माझ्याकडे. तोंडही माझ्याकडेच, असं घरात सगळे म्हणतात. म्हणू देत!

दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. शिवण हाताने चाचपून सरळ ठेवायच्या. ऑपरेशनचे पैसे पै-पै करून खात्यात जमवले होते, डॉक्टरांनी तारीखही दिली होती.

अशात ईमेल आला. एका वाद्यवृंदाला बत्तीस काळे कोट हवे होते. मी भाव सांगितला, त्यांनी घासाघीस न करता कबूल केला. मी तर हवेतच!

"त्यांना मापाला बोलव," जाऊबाई म्हणाल्या.

"अहो, परगावची माणसं ती!"

"मग मापं तरी मागव."

मी लाजत लिहिलं. मापांची यादी आली, पाठोपाठ कुरियरने चेक. ठरल्याच्या दुप्पट रकमेचा! वर ईमेल: चुकून जास्त लिहिला गेला, वरचे पैसे आमच्या ट्रान्सपोर्टवाल्याचे आहेत, ते त्याच्या खात्यात पाठवून द्या. चेक भरला. दोन दिवसांत खात्यात आकडा दिसला. मग ईमेलवर ईमेल. आज चारच्या आत पाठवा, माणूस खोळंबलाय.

मी पैसे पाठवायला बसले, तेवढ्यात जाऊबाई टेबलाशी येऊन म्हणाल्या, "कापड किती लागेल ते काढू. मापं वाच."

"आधी हे पाठवते."

"आधी वाच."

वैतागून वाचायला लागले. "छाती चव्वेचाळीस, गळा अकरा…"

"थांब. माणूस आहे की बाटली?"

"चुकून लिहिलं असेल. पुढचा, छाती चौतीस, खांदा एकवीस. बाही चोवीस."

"आधीच्याची बाही?"

"चोवीस."

"त्याच्या पुढच्याची?"

मी यादीवरून बोट फिरवलं. बत्तीसच्या बत्तीस जणांची बाही चोवीस.

जाऊबाईंनी खडू खाली ठेवला. "एकही बुटका नाही? आणि वाजवणारी माणसं ना ही? वाजवणारा माणूस पहिलं काय सांगतो? काखेत सैल ठेवा, हात वर करायचा असतो. यातल्या एकानेही सांगितलं नाही. ही माणसंच नाहीत गं. पैसे पाठवू नकोस."

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला ईमेलमधलं काय कळतं? खात्यात पैसे दिसतायत! एवढी ऑर्डर हातची घालवाल!"

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "लिही त्यांना. बत्तीसांतला कुठलाही एक जण मापाला पाठवा. तो आला की तुमचे पैसे त्याच्याच हातात देऊ."

लिहिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. माणूस पाठवायचं नावच नाही. पोलिसात देऊ, कोर्टात खेचू, तासाभरात पैसे पाठवा! ज्यांना बत्तीस कोट हवेत ते शिंपिणीला असं बोलतात?

जाऊबाईंनी चप्पल घातली आणि मला घेऊन थेट बँक गाठली. काउंटरवरच्या बाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "यातलं काही पाठवलंत का?"

"नाही."

"सुटलात! अहो, आकडा आम्ही आधी दाखवतो. चेक ज्या बँकेचा, तिचा होकार यायला दिवस लागतात. चेक खोटा निघाला की हा आकडा जातो, आणि तुम्ही पाठवलेले पैसे तुमचेच गेलेले असतात."

चौथ्या दिवशी चेक परत आला. खोटाच होता. आमची पै न् पै जागेवर! बँकेतून घरी येऊन मी जाऊबाईंचे पाय धरले, तर म्हणाल्या, "उठ, काजं राहिलीत."

आता गल्लीत कुणाला संशयाचा ईमेल आला की तो छापून आमच्याकडे येतो. सुतार आला, शिकवण्या घेणाऱ्या बाई आल्या. जाऊबाई एकच विचारतात, "जास्तीचे परत मागतोय का? घाई करतोय का?" हो म्हटलं की, "जा, बँकेत विचारून ये. तोवर एक पैसा हलवू नकोस." सुताराचे वाचले. तो येऊन बेतायच्या टेबलाचा डुगडुगता पाय फुकट बसवून गेला.

ठरल्या तारखेला ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. मी समोरच उभी होते, आणि माझ्या मनात एकच, हे पैसे मी स्वतःच्या हाताने पाठवणार होते. जाऊबाईंनी दोनदा पापण्या मिटल्या, उघडल्या आणि मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मला रडू आवरेना.

"रडतेस काय?" त्या म्हणाल्या. "ब्लाउज किती ढगळ झालाय तुझा, दोन वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. घरी चल, माप घेते."