बॉनेटवरची रांगोळी

माझ्या सासऱ्यांच्या काळ्या अँबॅसिडरच्या बॉनेटवर माझा मेहुणा दत्तू याने रांगोळी घासली नव्हती. ती मी घासली होती.

ही दोन वाक्यं लिहायला मला पन्नास वर्षं लागली. (एरवी मी झरझर लिहितो. सोलापुरातल्या एका शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलंय. परीक्षेच्या दिवशी वर्गात शिरताना मी एकच वाक्य गरजत असे, "आधी नीट वाचा, मग लिहा!" पोरं मला पाठीमागं 'नीट वाचा सर' म्हणायची. हे नाव लक्षात ठेवा.)

गोष्ट आमच्या पहिल्या दिवाळसणाची. सासुरवाडी मंगळवेढ्याची. सासऱ्यांचा ज्वारीचा व्यापार आणि दारात काळीभोर अँबॅसिडर. दर रविवारी सासरे खडूची पूड आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन ती स्वतः चमकवत. चमक आली की नाही, हे ठरवायची त्यांची परीक्षा ठरलेली होती. बॉनेटवर वाकायचं आणि त्यात बघून डोक्यावरची टोपी सरळ करायची. टोपी दिसली, तर गाडी पास!

मी नवा जावई. म्हटलं, पाडव्याच्या सकाळी सासरे आंघोळीला गेले की आपणच गाडी चमकवून छाप पाडावी. गाडीच्या मागं फळीवर पांढऱ्या पुडीचा डबा होताच. फडका ओला केला, पूड घेतली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून घासायला लागलो. दहा मिनिटांनी बॉनेट पाट्यासारखं दिसायला लागलं. पाटा म्हणजे वाटणाचा पाटा! मी स्वतःला समजावलं, पूड वाळली की चमकेल. पूड वाळली. पाटा पाटाच राहिला.

तेवढ्यात सासरे आले. सवयीनं वाकले, टोपीला हात घातला आणि तसेच थांबले. बॉनेटात टोपी नव्हती. टोपीखालचे सासरेही नव्हते! त्यांनी उरलेली पूड बोटांत चोळली, तर ती खडू नव्हे, रांगोळी निघाली.

"कुणाचं काम हाय हे?"

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. मी खोटं बोललो नाही. मी एक शब्दही बोललो नाही. फडका पाठीमागं धरला आणि फक्त दत्तूकडं बघितलं.

दत्तू तेव्हा वीस वर्षांचा. घरातल्या प्रत्येक फुटक्या कपबशीला तोच जबाबदार, हे सगळ्यांना पाठ होतं. सासऱ्यांनीही त्याच्याकडं बघितलं. दत्तूनं तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं. मग सणसणीत आवाज आला. सकाळपासून वाजलेल्या सगळ्या फटाक्यांत तो मोठा होता.

"ह्या गाडीला परत हात लावलास तर याद राख!"

सासरे शब्दाचे पक्के. गाडी चालवायचं वेड असलेल्या त्या दत्तूला त्यांनी शेवटपर्यंत स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. वैतागून तो एसटीत ड्रायव्हर म्हणून लागला आणि तीस वर्षं लाल गाडी चालवली. इतर लोकांना एसटीत बसल्यावर मळमळतं ते घाटामुळं. मला सपाट रस्त्यावरही मळमळायचं.

यंदा मे महिन्यात दत्तूची सत्तरी आली. कार्यक्रम मोहोळला, त्याच्या घरी. मी ठरवलं, आता बास. तीच काळी अँबॅसिडर छोट्या मापात बनवायची, बॉनेटात टोपी दिसेल इतकी चमकवायची, ती दत्तूच्या हातात द्यायची आणि चारचौघांत गुन्हा कबूल करायचा. चमक मात्र हवीच! खडबडीत गाडी देऊन कबुली देणं म्हणजे त्याच गुन्ह्याची दुसरी आवृत्ती काढणं.

मुलीनं पुण्याहून सुट्या भागांचा संच पाठवला. गाडी वीतभर. बॉनेट म्हणजे शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन काडेपेट्या. मी बायकोला, सुमनला, म्हणालो, "दोन दिवसांचं काम."

"डब्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या आधी," ती म्हणाली.

मी काळ्या रंगाचा फवाऱ्याचा डबा आणला आणि सूं सूं करून फवारला. वाळल्यावर गाडी शाळेच्या फळ्यासारखी दिसायला लागली. खडूनं तारीख लिहावीशी वाटली! सुमननं चष्मा लावून डबा फिरवला.

"अहो, ह्याच्यावर मॅट लिहिलंय की! बिनचकाकीचा रंग आणला तुमी."

"काळा बघून आणला."

"काळा तर तवा बी आहे की घरात!"

दुसऱ्या दिवशी चकाकीचा काळा रंग आणला. (दुकानदाराकडून मोठ्यानं वाचून घेतला.) आणि घरात वास नको म्हणून भर दुपारी गच्चीवर गेलो. सोलापूरचा मे महिना! फवारा डब्यातून निघाला तेव्हा रंग होता, गाडीपर्यंत पोचेस्तोवर त्याची भुकटी झाली होती. हवेतच वाळून तो गाडीवर वाळूसारखा पडला. बोट फिरवलं तर बोटाला काचलं. तेवढ्यात वारा सुटला आणि उरलेला फवारा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. तिकडं काय आहे, हे बघायची मला गरज वाटली नाही.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या पद्माक्का परात घेऊन गच्चीवर आमच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या घरात तेलुगू, पण भांडायला मराठी. "सुमनताई, मी साध्या उडदाचे पापड घातले होते. ह्यात मिरे कुणी टाकले?"

परातीत पापड होते. प्रत्येक पापडावर बारीक काळे ठिपके. अगदी एकसारखे! (एवढा समान फवारा मला गाडीवर एकदाही जमला नव्हता.)

सुमननं माझ्याकडं बघितलं. मी काय केलं असेल? पन्नास वर्षांच्या सवयीनं मी दुसरीकडं बघितलं. दुसरीकडं फक्त पाण्याची टाकी होती. मान खाली घालून म्हणालो, "माझंच काम आहे, आक्का." कबुलीचा सराव असा पापडांपासून सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मी पद्माक्कांच्या देखरेखीखाली तीन किलो उडदाचे पापड लाटले. ते गोल नव्हते, पण बिनठिपक्यांचे होते.

आता रंगकाम बाथरूममध्ये. आधी बादलीभर पाणी उडवून धूळ बसवली, सगळा जुना रंग खरवडून नव्यानं पातळ हात मारले, वरून पारदर्शक रंगाचा थर दिला. आणि काय सांगू! ओला असताना काय चमकत होता तो! आता ह्याच्यावर धुळीचा कणही बसू द्यायचा नाही, म्हणून मी कपाटातली नवी कोरी सोलापुरी चादर काढली आणि बादलीवर तंबूसारखी ताणून गाडी आत ठेवली. चादर गाडीला टेकली नव्हती. पण नव्या सोलापुरी चादरीला टेकावं लागत नाही. तिच्या सुताचा भुगा आपण होऊन उतरतो!

सकाळी चादर उचलली. गाडीला केस आले होते. बॉनेटवर लाल, टपावर निळे, दिव्यांच्या वर चक्क भुवया.

सुमन दारात उभी राहून इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. "न्हाव्याकडं न्या की हिला!"

कार्यक्रमाला आठ दिवस उरले होते. न्हाव्याकडं नाही, पण मी होटगी रस्त्यावरच्या रफीकभाईंच्या गॅरेजात गेलो. हा माणूस मोठ्या गाड्या रंगवतो. पिशवीतून केसाळ अँबॅसिडर काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, चारी बाजूंनी बघितली आणि गंभीरपणे विचारलं, "मास्तर, ये गाडी हाय की मांजर?"

"चमक येत नाही हो."

"कैसा आयेगा? तुमी रंग मारते, रंग मारते, रंग मारते. चमक रंग में नै रहती मास्तर, घिसने में रहती."

मग त्यांनी सांगितलं. पारदर्शक रंग पुरता वाळू द्यायचा. मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून त्यावर घासायचा. सगळी चमक जाईल, गाडी पांढुरकी होईल, रडू येईल. "तब्बी रुकना नै! उससे बारीक लेके घिसो. फिर पॉलिश लेके घिसो. आदमी क्या करते मालूम? आधे में घाबरके छोड देते."

म्हणजे मंगळवेढ्यात त्या पाडव्याला मी केलं ते चूक नव्हतं? ते फक्त अर्धं होतं? सासरे अर्धा तास उशिरा आले असते, तर...

"रांगोळीनं घासलं तर?" मी हळूच विचारलं.

रफीकभाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी ताबडतोब गाडी पिशवीत घातली.

पुढचे पाच दिवस मी दुसरं काही केलं नाही. केस काढले, नवा थर दिला, शेंगाच्या चटणीचा रिकामा काचेचा बुधला गाडीवर पालथा घालून तो वाळवला (बुधला आधी तीनदा धुतला, आणि सुमनला वास घेऊन खात्री करायला लावली). मग घासायला लागलो. गाडी पांढुरकी पडली. पाटा! तोच पाटा! घासण्याचा आवाज मंदावला. सुमन आतून ओरडली, "थांबू नका!" मी थांबलो नाही. आणखी बारीक कागद, मग पॉलिश, मग मऊ मलमल. पाचव्या दिवशी सकाळी बॉनेटावर वाकलो आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मला बॉनेटात दिसलं. नुसतं दिसलं नाही. मी त्यातली एकादशी उलटी वाचली!

"सुमे! वाचता येतंय! बॉनेटात वाचता येतंय!"

तिनं येऊन वाकून बघितलं आणि पदर सारखा केला. मला आणखी कुठलं प्रमाणपत्र नको होतं.

मोहोळला दत्तूच्या घरी पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी. (रांगोळीला लांबून वळसा घालून मी पुढं गेलो.) दत्तू पांढरीशुभ्र टोपी घालून बसला होता. औक्षण झालं. मी डब्यातून गाडी काढून त्याच्यासमोर ठेवली.

दत्तूनं ती दोन्ही हातांनी उचलली. पन्नास वर्षांनी त्याचा हात काळ्या अँबॅसिडरला लागला होता. मग तो हळूच वाकला, बॉनेटात बघितलं आणि डोक्यावरची टोपी सरळ केली.

टोपी दिसली! गाडी पास! मला तिथंच दोन्ही हात वर करून ओरडावंसं वाटलं. पण मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि पन्नास माणसांसमोर सगळं सांगून टाकलं. डबा, फडका, पाठीमागचा हात, दत्तूकडं टाकलेली नजर, सगळं. शेवटी म्हणालो, "दत्तू, माझ्यामुळं तुझी गाडी गेली. मला माफ कर."

दत्तूनं गाडी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "दाजी, एक विचारू? खडूच्या डब्यात रांगोळी कुठनं आली, ह्याचा कधी इचार केला का तुमी?"

मी केला नव्हता.

"मी भरली होती की! नव्या जावयाची जिरवायची म्हणून. मला वाटलं, चिमूटभर लावशीला, फसशीला, आमी हसू. तुमी तर सगळं बॉनेट सोलून काढलं! आबांनी मुस्काटात दिली ती माझ्याच कर्माची होती. मला तर वाटायचं, दाजींना सगळं ठावं हाय आन् मोठ्या मनानं गप बसल्यात." त्यानं डोळे पुसले. "आन् माझी गाडी कुठं गेली? एसटी काय लहान हाय का अँबॅसिडरपेक्षा?"

हशा झाला, टाळ्या झाल्या, आम्ही गळ्यात गळे घातले. मी निर्दोष होतो! पन्नास वर्षं निर्दोष होतो! परतीच्या एसटीत मला पहिल्यांदाच मळमळलं नाही. खिडकीशी बसून मी राजासारखा म्हणालो, "बघितलंस? चूक माझी नव्हतीच. डब्यातली पूडच बदललेली होती."

सुमननं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"काय गं?"

"दत्तूनं रांगोळी भरताना मी बघितलं होतं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "माहेरात चारचौघांत नवऱ्याला हाक कशी मारायची? म्हणून खळ लावून डब्यावर चिठ्ठी चिकटवली. मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रांगोळी'."

एसटी चिंचोळीला थांबून पुढं निघाली. शेवटी विचारलं, "मग पन्नास वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? आबा गावभर मिरवत होते, मराठीचा मास्तर जावई केला म्हणून. त्यांना सांगू, त्याला वाचता येत न्हाई?"